रात्रीची गोळी, सकाळचा हिशेब: ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोपेचं औषध कसं ठरवावं

इंदूरमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना मी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला भेटायला जाते. रक्तदाब, शुगर, हलणारे दात, मान किती मागे वळते, पूर्वी कधी भूल दिली होती का, हे सगळं विचारून मी उठायला लागले की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, आज रात्री झोपेची गोळी द्याल ना?" कधी पेशंट विचारतो, कधी स्टुलावर बसलेली सून. काही वेळा उशीखालून घरची स्ट्रिपच बाहेर येते. "आमच्या जाऊबाईंना हिनं छान झोप लागते, ही चालेल का?"

प्रश्न रास्त आहे. उद्या पोट उघडणार किंवा गुडघा बदलणार हे माहीत असताना डोळा लागत नाही, यात भित्रेपणा कसला? पण उत्तर गोळीच्या नावात नसतं. गोळी रात्री घ्यायची असली तरी ती निवडायची सकाळच्या हिशेबानं. सकाळी त्याच माणसाला मी वेदनेसाठी फेंटानिल देणार असते, भुलेसाठी प्रोपोफोल देणार असते, त्याचा श्वास काही काळ माझ्या हातात असणार असतो. त्या वेळी रात्रीच्या गोळीतलं किती शरीरात उरलंय, हा माझ्यासाठी मुख्य मुद्दा. ती झोप किती पटकन आणते, हे त्यानंतर.

खाली डोस लिहिले आहेत ते केसपेपरवर दिसणारे आकडे तुम्हाला कळावेत म्हणून. ते प्रौढांचे नेहमीचे आकडे आहेत. तुमच्यासाठी कोणती गोळी आणि किती, हे तुम्हाला तपासलेला भूलतज्ज्ञच ठरवेल.

पहिली पायरी: झोप कशानं अडलीय ते शोधा

गोळी मागण्याआधी दहा मिनिटं यावर घालवा. खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना झोप येत नाही ती दुखण्यामुळे. त्यांना वेदनेचं औषध हवं किंवा मांडीच्या नसेला बधिर करणारं इंजेक्शन हवं. झोपेची गोळी दिली तर त्या गुंगीत कण्हत राहतात. प्रोस्टेटचे काका दर तासाला लघवीला उठतात. त्यांना गोळी देणं म्हणजे अंधारात, अर्धवट झोपेत त्यांना बाथरूमकडे पाठवणं. आडवं झालं की धाप लागते म्हणून कुणी बसून रात्र काढत असेल, तर ती झोपेची तक्रारच नव्हे. ती छातीची किंवा हृदयाची तक्रार आहे, डॉक्टरांना त्याच वेळी उठवून सांगा. संध्याकाळी सातला घेतलेला चहा, डोक्यावरची ट्यूबलाइट, शेजारच्या पलंगाचा मॉनिटर, यांवर तर गोळीची गरजच नसते.

रामबागेतल्या एक काकू आठवतात. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. रात्री दहापर्यंत नुसत्या बसून होत्या, झोपेची गोळी हवी म्हणाल्या. बोलता बोलता हात सारखा गळ्याकडे जात होता. दागिने काढून ठेवा असं संध्याकाळीच सांगितल्यामुळे त्यांनी मंगळसूत्र काढून मुलाकडे दिलं होतं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. धातू अंगावर नको हे खरं, कारण ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारं उपकरण वापरतात. पण ते ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जाताना काढलं तरी पुरतं. मुलाला फोन केला, तो परत आला, मंगळसूत्र गळ्यात पडलं आणि काकू साडेदहाला झोपल्या. त्यानंतर आमच्या वॉर्डात सिस्टरना मी सांगून ठेवलंय: मंगळसूत्र सकाळीच काढायचं.

भीतीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण निम्म्याहून जास्त गोळ्या तिच्यापायीच लिहिल्या जातात. "भूल उतरलीच नाही तर?", "मधेच जाग आली तर?", "कमरेत इंजेक्शन दिल्यावर पाय कायमचे गेले तर?" हे प्रश्न मनात ठेवून कुठलीही गोळी घेतली तरी माणूस झोपाळतो, शांत होत नाही. 1963 साली अमेरिकेत एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी याचीच तुलना केली होती. काही पेशंटना आदल्या दिवशी भूलतज्ज्ञानं येऊन सगळं समजावलं, काहींना ऑपरेशनच्या आधी पेंटोबार्बिटाल हे त्या काळचं झोपेचं औषध दिलं. औषधवाले पेंगुळले होते, पण शांत होते ते भेट झालेले. साठ वर्षं झाली तरी वॉर्डात मला रोज तेच दिसतं. म्हणून भूलतज्ज्ञ संध्याकाळी आलेच नाहीत तर सिस्टरला सांगून बोलावून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

दुसरी पायरी: हे न लपवता सांगा

घरी रोज झोपेची किंवा "डोकं शांत राहण्याची" गोळी चालू आहे का? नाव आठवत नसेल तर स्ट्रिपच आणा. ती कधीपासून चालू आहे हेही सांगा.

बुरशीचं औषध चालू आहे का? हा प्रश्न ऐकून लोकांना नवल वाटतं. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास महिना-दोन महिने घेतल्या जातात. अल्प्राझोलम आणि पोटात घेतलेलं मिडाझोलाम यकृतातल्या ज्या एन्झाइमनं मोडतं, तेच एन्झाइम इट्राकोनॅझोल अडवून धरतं. मग अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी कितीतरी मोठ्या डोससारखी वागते. ही जोडी टाळायचीच. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही हेच करतं.

घोरणं. हे पेशंटला नाही, त्याच्या बायकोला विचारायचं, नवऱ्याला विचारायचं. "घोरता घोरता मधेच श्वास थांबतो आणि मग दचकून सुरू होतो का?" याचं उत्तर हो असेल, त्यात दिवसा पेंग येत असेल, रक्तदाब असेल, वजन जास्त, वय पन्नाशीपुढे आणि मानेचा घेर 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तो झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचा, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाचा पेशंट असण्याची शक्यता मोठी. झोपेच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. घरी सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) असेल तर ते हॉस्पिटलात घेऊनच या. कितीतरी लोक कपाटात ठेवून येतात.

दारू. रोज घेणारा माणूस ऑपरेशनसाठी भरती झाला की त्याची दारू अचानक तुटते. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पुढे फिट येऊ शकते. ती भीती नव्हे, आणि तिचा उपचारही वेगळा असतो. उलट "टेन्शन घालवायला थोडीशी" घेऊन वर गोळी घेणं श्वासाच्या दृष्टीनं फारच धोक्याचं.

आणि आता आपल्या माळव्याची गोष्ट. इंदूरला मंदसौर, नीमचकडून पेशंट येतात. तो अफूच्या शेतीचा मुलूख. तिकडच्या काही वयस्कर मंडळींना अफूची किंवा डोड्याची (अफूच्या बोंडांची) वर्षानुवर्षांची सवय असते. मुलांना ते सांगायला लाज वाटते, पोलिसांची भीती वाटते. वॉर्डात पहिल्याच रात्री आजोबा सारखे जांभया देतात, नाक गळतं, पोटात कळा येतात, अंगावर काटा येतो, झोप नाही. लोक म्हणतात घाबरलेत. घाबरलेले नसतात, अफू तुटलेली असते. झोपेच्या गोळीनं ते बरं होत नाही. दुसऱ्या दिवशी वेदनेची औषधंही त्यांना नेहमीपेक्षा वेगळ्या मापानं लागतात. भांगेचंही तसंच. भूलतज्ज्ञाला सांगितलेली ही गोष्ट उपचारासाठी असते, तक्रारीसाठी नाही. सगळ्यांसमोर नको असेल तर बाजूला बोलावून सांगा, पण सांगा.

अश्वगंधा, जटामांसीची चूर्णंही यादीत घ्या. त्यांनी गुंगी वाढू शकते. अशी औषधं ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी थांबवावीत, असं साधारणपणे सांगतात.

तिसरी पायरी: घड्याळ मांडा

प्रत्येक औषधाचं अर्धायुष्य असतं, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. ऑपरेशन सकाळी आठला आहे आणि गोळी रात्री दहाला घेतली असं धरू.

झोल्पिडेमचं अर्धायुष्य सुमारे अडीच तास. साडेबाराला निम्मं, तीनला पाव, साडेपाचला आठवा हिस्सा, आठ वाजता सोळावा हिस्सा. जवळजवळ संपलं. अल्प्राझोलमचं सुमारे 11 तास. म्हणजे सकाळी आठला निम्म्याहून थोडं जास्तच शिल्लक. वृद्धांमध्ये तेच 16 तासांच्या आसपास जातं. लोराझेपामचं साधारण 12. डायझेपामचं 20 ते 50 तास, आणि ते मोडून जो पदार्थ तयार होतो तोही गुंगी आणतो आणि त्याहून जास्त काळ टिकतो. सकाळी आठला डायझेपाम बहुतांश अंगातच असतं. मेलाटोनिनचं अर्धायुष्य तासाभराच्या आतबाहेर.

हा हिशेब डोळे मिटून लावायचा नाही. डायझेपाम चरबीत लवकर शिरतं, त्यामुळे एकाच गोळीची गुंगी अर्धायुष्य सांगतं त्यापेक्षा लवकर ओसरते. लोराझेपामचं उलट. आकड्यात लहान दिसत असलं तरी त्याचा परिणाम, विशेषतः विस्मरण, रेंगाळतं. पण सुरुवातीला घड्याळ मांडलं की बऱ्याच चुका तिथंच टळतात.

वॉर्डाचं घड्याळही लक्षात घ्या. पहिल्या नंबरच्या पेशंटला सिस्टर पहाटे पाचला उठवते: आंघोळ, गाऊन, सलाईनची सुई, रक्तदाब. म्हणजे झोपायला मिळते ती दहा ते पाच. रात्री बाराला "अजून झोप नाही" म्हणून गोळी घेण्यात अर्थ उरत नाही. द्यायची तर नऊ ते दहाच्या दरम्यान, नाहीतर नको.

चौथी पायरी: गोळ्यांची तुलना

अल्प्राझोलम, 0.25 किंवा 0.5 मिलिग्रॅम. आपल्याकडे आदल्या रात्रीसाठी केसपेपरवर सर्वांत जास्त दिसणारं नाव हेच. भीती कमी करते, तास-दोन तासांत परिणाम शिखरावर जातो. पन्नाशीच्या आतला, धडधाकट, खरोखर घाबरलेला माणूस असेल तर 0.25 पुरते. मी 0.5 क्वचितच लिहिते, आणि सत्तरीच्या माणसाला ही गोळी लिहितच नाही.

लोराझेपाम, 1 मिलिग्रॅम, कधी 2. तोंडानं घेतलेली हिची गोळी सावकाश चढते, दोन तास लागतात. हिचा गुण असा की यकृतात ती सोप्या मार्गानं निकाली निघते, मागे गुंगी आणणारा पदार्थ सोडत नाही. म्हणून यकृत कमजोर असलेल्याला या वर्गातली (म्हणजे बेंझोडायझेपिन; अल्प्राझोलम, डायझेपामही त्यातलीच) गोळी द्यावीच लागली तर हिचा विचार होतो, तोही कमी मापात. दोष म्हणजे विस्मरण. सकाळी डॉक्टरांनी सांगितलेलं दुपारी आठवत नाही. फ्रान्समध्ये हजारावर पेशंटवर झालेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या आधी काहींना लोराझेपाम, काहींना नकली गोळी, काहींना काहीच नाही. लोराझेपामवाल्यांना एकूण अनुभव काही जास्त सुखाचा वाटला नाही. श्वासनळीतली नळी काढायला मात्र थोडा उशीर झाला, आणि डोकं ताळ्यावर यायलाही. ती गोळी आदल्या रात्रीची नव्हती, त्याच दिवशीची होती, हे खरं. तरीही "सगळ्यांना सरसकट एक गोळी" या सवयीला त्यानं चांगलाच धक्का दिला.

डायझेपाम, 5 ते 10 मिलिग्रॅम. एका पिढीची ही आवडती गोळी होती आणि अजूनही काही जुन्या केसपेपरवर छापून आल्यासारखी दिसते. एवढा लांब पल्ला असलेलं औषध एका रात्रीसाठी वापरायला मला पटत नाही. क्लोनाझेपाम (30 ते 40 तास) आणि नायट्राझेपाम यांचंही तेच. घरी आधीपासून चालू असेल तर गोष्ट वेगळी, ती पुढे येते.

झोल्पिडेम, 5 किंवा 10 मिलिग्रॅम. भीतीवर ही फारसं काही करत नाही, झोप आणते. पंधरा ते तीस मिनिटांत. सकाळच्या हिशेबात ही बरीच चांगली बसते. पण अटी आहेत. स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2013 मध्ये स्त्रियांसाठी सुरुवातीचा डोस 5 मिलिग्रॅमवर आणला. वृद्धांनाही 5च. 2019 मध्ये तिथं झोल्पिडेमसारख्या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला, कारण लोक झोपेतच उठून चालतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा चालवतात, आणि नंतर आठवत नाही. अनोळखी वॉर्ड, उंच पलंग, हातात सलाईन अशा जागी झोपेत चालणं काय करू शकतं हे सांगायला नको. ही गोळी पलंगावर बसूनच घ्यायची, आणि घेतली की आडवं व्हायचं. "गोळी घेऊन जरा खाली चक्कर मारून येतो" असं अजिबात नाही. नावापुढे 'सीआर' किंवा 'ईआर' असलेली, सावकाश सुटणारी गोळी या एका रात्रीसाठी नको.

एस्झोपिक्लोन सहा तासांच्या अर्धायुष्याची. रात्री मधेच जाग येणाऱ्यांना बरी, पण तोंडात कडवट धातूसारखी चव राहते. उद्या उपाशी राहायचं असलेल्या माणसाला ती चव नकोशी होते. मी ती लिहीत नाही.

हायड्रॉक्सिझिन, 10 किंवा 25 मिलिग्रॅम. ही मुळात अ‍ॅलर्जीची, खाजेची गोळी. गुंगी हा तिचा जोडगुण. सवय लागत नाही, म्हणून अनेकांना ती निरुपद्रवी वाटते. पण अर्धायुष्य 20 तासांच्या आसपास, तोंड कोरडं, लघवी अडण्याची शक्यता, आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेल्यांना धोका. प्रोस्टेटच्या काकांना तर बिलकुल नाही. प्रोमेथाझिन आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या याच जातीच्या. "सर्दीचीच तर आहे" म्हणून घरून घेऊन येऊ नका.

मेलाटोनिन, 3 ते 5 मिलिग्रॅम, झोपण्याच्या तासभर आधी. अंधार पडल्यावर मेंदूत जो स्राव आपोआप तयार होतो तोच हा. श्वासावर दाब टाकत नाही आणि सकाळी डोकं जड ठेवत नाही. ऑपरेशनआधीची भीती तिनं नकली गोळीपेक्षा कमी होते, असा निष्कर्ष 2020 सालच्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) आहे. बेंझोडायझेपिन वर्गातल्या गोळ्यांशी तुलना केली तर भीतीच्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही. मात्र ती गाढ झोपवत नाही. तिला अंधार लागतो. मोबाइल डोळ्यांपुढे धरून मेलाटोनिन घेतलं तर ते वाया गेलं समजा. साठीपुढच्या माणसाला काही द्यायचंच ठरलं, तर मी पहिल्यांदा हिचाच विचार करते.

ट्रॅझोडोन, अमिट्रिप्टिलिन, क्वेटियापिन ही औषधं झोपेसाठी लिहिलेली दिसतात, पण आदल्या रात्री पहिल्यांदाच सुरू करण्यासारखी नाहीत. प्रेगाबालिन, गाबापेंटिन वेदनेसाठी चालू असतील तर सांगा. ओपिऑइड वर्गातल्या (मॉर्फिन, ट्रामाडोलसारख्या) औषधांबरोबर तीही श्वास मंद करतात.

कुणाला गोळी नकोच

पासष्टीपुढच्या माणसाला बेंझोडायझेपिन टाळावं, असं वृद्धांच्या औषधांबद्दलची अमेरिकेतली बीअर्स यादी सांगते. युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2017 मध्ये म्हटलं की ऑपरेशननंतरचा भ्रम टाळायचा तर या गोळ्या सरसकट देऊ नयेत, फार तीव्र भीती असेल तरच द्याव्यात.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिलं. शिकत होते तेव्हा एका हॉस्पिटलात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा हर्नियासाठी भरती होते. रात्री अकराला लोराझेपाम दिली. ती सावकाश चढते हे कुणाच्या लक्षात आलं नाही. झोप येईना म्हणून एक वाजता दुसरी दिली. पहाटे साडेपाचला ते मुलाला ओळखेनात. सलाईनची सुई ओढून काढली, चादर रक्तानं भरली, आणि "मला घरी जायचंय, गाय दोहायची आहे" म्हणत राहिले. ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. त्यांना शुद्ध आली ती संध्याकाळी, पण मुलाच्या चेहऱ्यावरची भीती मला अजून दिसते. दुसरी गोळी नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते. पहिलीनं झोप लागली नाही तर लागली नाही. जागी गेलेल्या एका रात्रीनं ऑपरेशन बिघडत नाही, भूल द्यायलाही अडचण येत नाही. हे पेशंटला स्पष्ट शब्दांत सांगितलं की अर्ध्यांना तिथंच झोप येते.

सीओपीडीचे (फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे) पेशंट, अ‍ॅप्नियाचे पेशंट, यकृत फार बिघडलेले, डोक्याला मार लागलेले, मायस्थेनिया ग्रॅव्हिसचे (स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचे), सिझेरियनला आलेल्या बायका: यांना स्वतःहून काहीच देऊ नका. वेदनेसाठी ट्रामाडोल किंवा मॉर्फिन चालू असेल तर त्यावर झोपेची गोळी, ही जोडी श्वास थांबवू शकते. असं झालंच तर फ्लुमाझेनिल हे उतारा औषध बेंझोडायझेपिनवर चालतं, पण त्याचा असर गोळीच्या आधी ओसरतो आणि गुंगी परत येते. म्हणून अशा पेशंटजवळ बोटाचा ऑक्सिजन मॉनिटर आणि जागी सिस्टर हवी.

आधीपासून गोळी चालू असेल तर

इथं सल्ला नेमका उलटा होतो. वर्षानुवर्षं क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलम घेणाऱ्यानं "उद्या ऑपरेशन, म्हणून आज बंद" असं करू नये. अचानक सुटली तर अस्वस्थता, घाम, थरथर, क्वचित फिटसुद्धा. नेहमीची गोळी, नेहमीच्या मापात, भूलतज्ज्ञाला सांगून घ्यायची; फक्त वर दुसरी भर नको. वॉर्डात एक गोंधळ नेहमी होतो: घरची गोळी सुनेनं दिली आणि हॉस्पिटलची सिस्टरनं. घरची स्ट्रिप सिस्टरकडे जमा केली की हा प्रश्न मिटतो.

प्रत्यक्ष रात्र

संमतिपत्रावर सही गोळीच्या आधी. गुंगीत, चष्म्याशिवाय, "इथं करा" म्हटल्यावर केलेली सही ही संमती नव्हे. कोणत्या बाजूचं ऑपरेशन, ती खूणही जागेपणीच करून घ्या आणि स्वतः बघा.

उपासाचं गणित लिहून पलंगाला लावा. साधं जेवण किंवा दूध ऑपरेशनच्या 6 तास आधीपर्यंत, तळलेलं-तुपकट 8 तास आधीपर्यंत, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत, डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं नसेल तर. आपल्या घरांत झोपेसाठी जायफळ उगाळून घातलेलं दूध देतात. नऊ वाजता कपभर दिलंत तर सकाळी आठच्या ऑपरेशनला काही बाधा नाही, जायफळ चिमूटभरच असू द्या. पण रात्री दोनला जाग आली म्हणून पुन्हा दूध नको. आणि हे इंदूर आहे. अटेंडर, म्हणजे सोबत राहिलेले नातेवाईक, रात्री अकराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत जातात, पेशंटसाठी प्रेमानं गराडू, भुट्टे का कीस बांधून आणतात. सकाळी सहाला पोहे-जिलबी येते. रिकाम्या पोटाची अट यामुळे मोडली आणि ती लपवली, तर भूल देताना पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. पोटात काही गेलं असेल तर नुसतं सांगून टाका. ऑपरेशन काही तास पुढे ढकलता येतं.

गोळी घेण्याआधी लघवी करून या. मग पाण्याच्या दोन-तीन घोटांबरोबर गोळी, पलंगाचे कठडे वर, कॉलबेल हाताशी, चपला पलंगाखाली सरळ, बाथरूमचा दिवा चालू. रात्री उठायचं झालं तर एकट्यानं नाही. अटेंडरही तिथंच झोपलेला हवा, खाली गाडीत नाही. ऐकू येण्याचं यंत्र आणि चष्मा हाताशी ठेवा. वृद्ध माणूस पहाटे दचकून उठला की ओळखीचा चेहरा स्पष्ट दिसणं आणि आवाज ऐकू येणं याचा मोठा आधार असतो.

मोतीबिंदूसारखं त्याच दिवशी घरी जायचं ऑपरेशन असेल आणि गोळी घरी घ्यायची असेल, तर सकाळी स्वतः स्कूटर चालवत येऊ नका. आणि गोळी मेडिकलमधून नुसती मागून आणू नका. अल्प्राझोलम, झोल्पिडेम, डायझेपाम ही शेड्यूल एच वन मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं आहेत. 2014 पासून दुकानदारानं चिठ्ठी बघून वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती 3 वर्षं जपायची असा नियम आहे. स्ट्रिपवरची लाल चौकट त्याचीच.

मुलांचं वेगळं. त्यांना आदल्या रात्री गोळी लागत नाही. लागते ती आईपासून दूर नेताना. त्यासाठी ओटीत जाण्याच्या 20 ते 30 मिनिटं आधी मिडाझोलाम तोंडानं, वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅमच्या हिशेबानं, भूलतज्ज्ञ स्वतः हजर असताना देतात.

सकाळी आणि घरी जाताना

ओटीच्या दारात मी पुन्हा विचारीन: रात्री काय घेतलं, किती वाजता, किती झोप झाली, पहाटे काही खाल्लं-प्यायलं का. पेशंट गुंगीत असेल तर अटेंडरनं सांगायचं. गोळी दिली पण केसपेपरवर लिहिलीच नाही, असंही होतं. म्हणून वेळ एका कागदावर टिपून ठेवा. माझ्या भुलेचं माप त्यावरून बदलतं.

आणखी एक. सुट्टी होताना डिस्चार्ज कार्ड हातात आलं की औषधांची यादी वाचा. आदल्या रात्रीसाठी लिहिलेली झोपेची गोळी कधी कधी तशीच पुढे उतरवली जाते, "रात्री एक, पंधरा दिवस". गुडघा बदलून घेऊन सुदामानगरला घरी गेलेल्या एक आजी सहा महिन्यांनी दुसऱ्या गुडघ्यासाठी आल्या तेव्हा अल्प्राझोलम रोज चालू होती, आणि कुणी सुरू केली हे घरात कुणालाच आठवेना. यादीत ती दिसली तर तिथल्या तिथं विचारा: ही कशासाठी, आणि कधी थांबवायची?